ताई कुठे शिकते?

किती दिवसांचे प्रशिक्षण झाले, किती सेविका हजर होत्या, किती साहित्यसंच वाटले, हे सगळे बालशिक्षणाच्या अहवालांत नीट मांडलेले असते. प्रशिक्षण आटोपून गावी परतलेल्या ताईने सोमवारी सकाळी मुलांसमोर काय वेगळे करून पाहिले, त्यातले काय जमले आणि काय फसले, याची चौकशी मात्र सहसा कुणी करत नाही. केलीच, तर शेजारच्या पाड्यावरची दुसरी ताई करते. एसटीची वाट पाहताना, घरी न्यायच्या आहाराची (टीएचआर) पाकिटे उतरवून घेताना ती विचारते, "तुझ्याकडे बसली का गं पोरं?" या साध्या चौकशीला कामाच्या वेळेत, कामाचा भाग म्हणून जागा मिळावी, यासाठी हे पुस्तक आहे.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर रोज काम करणाऱ्या सगळ्याच जणी त्याच्या वाचक आहेत. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस, महापालिकेच्या बालवाड्यांतल्या शिक्षिका, संस्थांच्या बालवाड्या चालवणाऱ्या, आणि शहरातल्या गल्लीबोळांत ज्युनिअर-सिनिअर केजीचे वर्ग घेणाऱ्या तरुण मुलीही. यांचे मालक वेगळे, मानधन वेगळे, कामाचे तास वेगळे. पण रडणाऱ्या मुलाला पहिल्या आठवड्यात कसे रुळवायचे, एकाच खोलीतल्या तीन वर्षांच्या आणि साडेपाच वर्षांच्या मुलांना एका वेळी काय द्यायचे, गोष्ट कुठे थांबवायची, हे त्यांतल्या बहुतेक जणी एकमेकींकडूनच शिकलेल्या असतात. हे शिकणे आज वेळ मिळेल तसे, जाता-येता चालते. त्याला ठरलेला वेळ मिळावा, बोलण्यासाठी समोर काहीतरी नेमके असावे आणि चुकलेलेही सांगता यावे, इतके झाले तरी परिपत्रके काढून जे साधत नाही त्यातले पुष्कळ साधेल, असे या पुस्तकाचे म्हणणे आहे.

हे म्हणणे नवे नाही. आपल्याकडच्या बालशिक्षणाची सुरुवातच अशा एकत्र येण्यातून झाली. गिजुभाई बधेका पेशाने वकील. १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक १९२३ मध्ये तिथे दाखल झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. ज्यांच्या पद्धतीचा हे शिक्षक विचार करत होते त्या मारिया माँटेसोरी स्वतः हिंदुस्थानात आल्या त्या १९३९ साली. म्हणजे त्यांचे पाऊल इथे पडण्यापूर्वी तेरा वर्षे गुजराती आणि मराठी शिक्षक आपापसांत जमत होते, लिहीत होते, माँटेसोरींच्या पद्धतीतले आपल्या मुलांना काय लागू पडते आणि काय नाही यावर वाद घालत होते. संघाची 'शिक्षणपत्रिका' आधी गुजरातीत निघाली, मग ताराबाईंनी ती मराठीत चालवली. गिजुभाईंचे 'दिवास्वप्न' आज वाचले तरी जाणवते की ते शिक्षकाने शिक्षकासाठी लिहिले आहे. चौथीच्या वर्गावरचा एक मास्तर वर्षभर प्रयोग करतो, पहिल्याच दिवशी तोंडघशी पडतो, आणि ते न लपवता सांगतो. तज्ज्ञाचा आव नसलेल्या अशा लेखनावर ही चळवळ उभी राहिली.

१९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. तिथली मुले मध्यमवर्गीय घरांतली होती. खरी कसोटी लागली ती १९४५ मध्ये, डहाणूजवळच्या बोर्डी गावात. सोबतीला अनुताई वाघ होत्या. बालवाडी तर उघडली, पण दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची मुले तिच्याकडे फिरकेनात. मुले येत नाहीत तर आपणच जाऊ, असे ठरवून त्यांनी वस्तीतल्या अंगणात बालवाडी भरवायला सुरुवात केली. अंगणवाडी ती हीच. दादरच्या वर्गातले महागडे लाकडी साहित्य इथे चालणार नव्हते. त्याच्या जागी चिंचोके, शिंपले, खडे, पाने, काड्या आल्या. पुढे १९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेण्याचा, कुरणशाळेचा प्रयोगही याच वाटेवरचा.

बोर्डी-कोसबाडच्या या हकिकतीतून आपण बहुधा दोन थोर बायकांची जिद्द तेवढी उचलतो. त्यांची कामाची रीत मागे राहते. आज वस्तीत काय झाले ते संध्याकाळी बसून बोलायचे, उद्या काय बदलायचे ते ठरवायचे, परवा पुन्हा पाहायचे, ही ती रीत. गावातल्या कमी शिकलेल्या मुलींना बालसेविका म्हणून तयार करतानाही अनुताईंचा भर हाताने करून बघण्यावर होता. वस्तू हातात घ्या, मुलांसमोर ठेवा, मुले तिचे काय करतात ते बघा. पुस्तकातले नाव मागाहून कळले तरी चालेल.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली, आणि अंगणवाडी हे नाव सरकारी झाले. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. बोर्डीच्या दोन बायकांची गोष्ट गावोगाव, पाड्यापाड्यावर पोचली, हे छोटे यश नाही. पण योजनेने सेविकेवर एकदम सहा सेवा सोपवल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार व आरोग्य शिक्षण, आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. यादीत सर्वांत शेवटी बसलेले शिक्षण प्रत्यक्षातही शेवटीच राहिले. वजन मोजता येते, पाकिटे मोजता येतात, लसी मोजता येतात. गोष्ट ऐकताना मुलाने मधेच विचारलेला प्रश्न कुठल्याच रकान्यात बसत नाही. कायद्यानेही या वयाला बाजूलाच ठेवले. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याआधीच्या वयासाठी सरकारने व्यवस्था 'करावी' असे म्हटले आहे, 'केलीच पाहिजे' असे नाही.

तरीही या योजनेने एक मौल्यवान गोष्ट आयती दिली आहे, ती म्हणजे महिन्याची बीट बैठक. वीस-पंचवीस अंगणवाड्यांचा एक बीट, त्यावर एक पर्यवेक्षिका. ठरलेल्या दिवशी बीटमधल्या सेविका ग्रामपंचायतीच्या सभागृहात किंवा शाळेच्या रिकाम्या खोलीत जमतात. कुणी सकाळची पहिली गाडी धरून येते, कुणी नवऱ्याच्या मोटरसायकलवर, कुणी डोंगर उतरून पायी. एकाच प्रकारचे काम करणाऱ्या, एकाच भागातल्या, एकमेकींना नावाने ओळखणाऱ्या वीस-पंचवीस बायका दर महिन्याला एका खोलीत! जगात कुठेही शिक्षकांचे गट बांधायला निघालेल्या माणसाला हे ऐकून हेवा वाटेल.

आता त्या खोलीत काय होते ते बघा. रजिस्टरे उघडतात. शून्य ते सहा वयाची मुले किती, वजने किती घेतली, अतितीव्र कुपोषित (सॅम) किती, मध्यम तीव्र कुपोषित (मॅम) किती, गरोदर माता, स्तनदा माता, कुणाचे आधार जोडायचे राहिले, पोषण ट्रॅकर ॲपवर हजेरी का दिसत नाही. एकीचा आकडा जुळत नाही म्हणून सगळ्या थांबतात. मग नवे परिपत्रक वाचले जाते, पुढच्या महिन्यातला सप्ताह किंवा पंधरवडा कुठला ते सांगितले जाते, आणि शेवटच्या गाडीची वेळ होते. पर्यवेक्षिकेचा यात दोष नाही. तिलाही वर प्रकल्प कार्यालयात हेच आकडे द्यायचे असतात आणि तिथेही तिला मुलांविषयी कुणी विचारत नाही. बैठक होते, माहिती गोळा होते, आणि वीस-पंचवीस जणींचा मिळून काहीशे वर्षांचा अनुभव जसा आला तसा घरी परततो.

याच बैठकीतला एक तास वेगळा काढला तर काय होईल? असा एक प्रसंग घेऊ. मेळघाटातल्या एका अंगणवाडीतली सेविका म्हणते, "एक मुलगी दोन महिने झाले येते, पण बोलतच नाही. दाराशी बसते. नाव विचारलं तरी खाली बघते." सवयीने पहिला सल्ला येतो, "अगं, लाजरी असेल, होईल हळूहळू." दुसरी म्हणते, "कानाला दाखवलंस का?" हा प्रश्न योग्यच, तो आधी विचारला गेला पाहिजे. दाखवले, ऐकू नीट येते. मग तिसरी विचारते, "घरी काय बोलतात?" कोरकू. इथे चर्चा वळते. कोरकू आणि मराठी यांचे भाषाकुलच वेगळे; ऐकून ऐकून अंदाजाने समजेल इतक्याही त्या जवळच्या नाहीत. म्हणजे ती मुलगी गप्प आहे ती सगळा दिवस परक्या भाषेत चालतो म्हणून. "तुझी मदतनीस कुठली?" मदतनीस कोरकूच आहे. "मग ती कधी गाणं घेते का पोरांचं?" यावर सेविका जरा थांबते. मदतनीस खिचडी शिजवते, झाडलोट करते, मुलांना घरून घेऊन येते. गोलात बसून गाणे घ्यायला तिला कुणी सांगितलेले नाही. ते तिचे काम मानलेलेच नाही.

ठरते असे की पुढचा महिनाभर सकाळी गोलात एक कोरकू गाणे मदतनीस घेईल, एखादी छोटी गोष्टही सांगेल. सेविका त्या मुलीकडे लक्ष ठेवेल आणि आठवड्यातून दोनदा चार ओळी लिहील. पुढच्या बैठकीत ती काय झाले ते सांगेल. मुलगी बोलायला लागली तरी, नाही लागली तरी. या चर्चेला अर्धा तास पुरतो. त्यात बाहेरचा तज्ज्ञ नव्हता, प्रोजेक्टर नव्हता. लागणारी सगळी माहिती त्या खोलीत आणि त्या मदतनिसेपाशी आधीच होती. ती एकत्र आणायला विचारणारे कुणीतरी आणि विचारायची ठरलेली वेळ एवढेच हवे होते.

चार ओळी लिहिणे, हे वाटते तितके सोपे नाही. आपल्या नोंदवह्यांत "मुलांनी आनंदाने सहभाग घेतला" हे वाक्य इतक्या वेळा येते की ते वाचून कुठल्याच मुलाविषयी काही कळत नाही. एका मुलीविषयीची ही दुसरी नोंद बघा: "चिंचोके आणि खडे एकत्र दिले होते. तिने वेगळे केले. मग सगळे पुन्हा मिसळले आणि पुन्हा वेगळे केले. तिसऱ्या वेळी खडे तसेच ठेवले आणि चिंचोक्यांतले मोठे एका बाजूला, बारके एका बाजूला लावले. मी काही सांगितले नव्हते." ही नोंद गटात वाचली की बोलायला विषय मिळतो. तिने मनाने नवा नियम शोधला, तो कुठल्या क्षणी? मिसळून पुन्हा वेगळे करणे हा वेळ घालवणे होता की खात्री करून घेणे? उद्या तिच्यापुढे काय ठेवायचे? एक म्हणेल, लहान-मोठे शब्द शिकवू. दुसरी म्हणेल, शब्द राहू देत, मधल्या आकाराचे चिंचोके टाकून बघ, ती कुठे ठेवते ते. दुसरीचे ऐकण्यात जास्त गंमत आहे आणि जास्त शिक्षणही. या पुस्तकाचा पहिला भाग अशा नोंदी कशा लिहाव्यात आणि गटात कशा वाचाव्यात यासाठीच दिला आहे.

दुसरा भाग गट चालवण्याचा आहे. त्यात पाळायच्या गोष्टी मोजक्या आहेत, पण प्रत्येकीमागे कारण आहे. हा तास बैठकीच्या सुरुवातीला ठेवावा, कारण शेवटी ठेवला की आकडे तो खाऊन टाकतात. दर वेळी एकाच ताईचे एकच उदाहरण घ्यावे. सगळ्यांनी थोडे थोडे सांगायचे ठरवले की कुणाचेच नीट होत नाही. आधी फक्त प्रश्न विचारावेत, सल्ले मागाहून. पर्यवेक्षिकेने या तासात शेरा मारू नये. इथे सांगितलेली अडचण उद्या भेटीच्या वहीत चढणार असेल तर परवापासून कुणी तोंड उघडणार नाही. आणि मदतनिसांना बोलवावे. आपल्या गावांत कोण खुर्चीवर बसते आणि कोण भिंतीला टेकून उभी राहते, यामागे पदाइतकीच जातही असते. ते न पाहिल्यासारखे करून मोकळी चर्चा होत नाही.

या सगळ्यात एक धोकाही आहे. गट करून माणसे शहाणी होतात तशी मिळून चुकूही शकतात. तीन वर्षांच्या मुलाला दुरेघी वहीत अक्षरे गिरवायला लावणे ही अशीच सर्वमान्य चूक आहे. पालक मागतात, शेजारची इंग्रजी शाळा करते, पहिलीचे गुरुजी अपेक्षा ठेवतात, म्हणून सगळ्याच ताया करतात, आणि गटात विषय निघाला तर एकमेकींना "आमच्याकडे वीसपर्यंत लिहितात" असेच सांगतात. या वयात मनगटातली हाडे अजून पुरती बनलेली नसतात, बोटांची पकड मातीत, रंगांत, मणी ओवण्यात घडत असते, हे बाहेरून कुणीतरी सांगावे लागते. राज्याचा 'आकार' अभ्यासक्रम, २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय आराखडा आणि त्याच्याही कितीतरी आधी ताराबाई यांनी हेच सांगितले आहे. म्हणून गटाने महिन्यातून एक तरी पान वाचावे, आणि ते आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाशी ताडून पाहावे. गटाला बाहेरच्या ज्ञानाची गरज आहे आणि त्या ज्ञानाला गटाची. नुसते वरून आलेले ज्ञान प्रमाणपत्राबरोबर फाइलीत जाते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुचवला आहे. तो टीव्हीवरून, मोबाइलवरून चालवावा आणि महिन्यातून किमान एक प्रत्यक्ष वर्ग व्हावा, असेही म्हटले आहे. २०२३ मध्ये केंद्राने 'पोषण भी पढाई भी' मोहीम सुरू केली. यातून चांगले साहित्य येईल, यात शंका नाही. पण महिन्याच्या त्या प्रत्यक्ष वर्गात मोबाइलवर पाहिलेल्याची उजळणीच झाली, तर आणखी एक हजेरीपट तयार होईल. तो वर्ग आणि बीट बैठक या दोन्ही ठिकाणी ताईच्या स्वतःच्या मुलांविषयी बोलणे व्हायला हवे.

बोर्डीचे काम सुरू झाले त्याच १९४५ मध्ये इटलीत, युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या रेज्जो एमिलिया शहराजवळच्या एका गावात लोकांनी जर्मनांनी मागे टाकलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकून बालशाळा उभारली. तिथून वाढलेले काम आज जगभरचे शिक्षक पाहायला जातात. तिथल्या शिक्षिकांच्या आठवड्याच्या ३६ तासांपैकी सुमारे सहा तास मुलांशिवाय असत: नोंदी लावायला, एकमेकींशी बोलायला, पालकांना भेटायला. हे तास पगारी असत. बोर्डीत आणि रेज्जोत एकाच वर्षी सुरुवात झाली आणि दोन्हीकडची दृष्टीही पुष्कळ सारखी होती. फरक पडला तो इथे. त्यांनी शिक्षिकेच्या विचार करण्याच्या वेळेचे पैसे मोजले. आपण तो वेळ तिच्या भल्या मनावर सोडून दिला.

म्हणून मानधनाचा विषय या पुस्तकाबाहेरचा नाही. सेविकेला सरकार 'मानसेवी' म्हणते आणि काम पूर्णवेळ घेते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अंगणवाडी कर्मचारी ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला. २०२१ मध्ये राज्यातल्या असंख्य सेविकांनी नीट न चालणारे सरकारी मोबाइल कार्यालयांत नेऊन परत केले होते. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला त्यांचा संप पन्नास दिवसांच्या वर चालला. या लढ्यांकडे शिक्षणवाले लोक जरा अंतर राखून पाहतात. पण पाड्यापाड्यावरच्या बायकांना एका दिवसात निरोप पोचवणारी, एकीची अडचण सगळ्यांची मानणारी जी वीण सेविकांच्या संघटनांनी विणली आहे, तिच्यापेक्षा मोठे शिक्षक-जाळे महाराष्ट्रात दुसरे कुठले आहे? त्यातून मागण्या जातात, तसे अनुभवही जाऊ शकतात. आणि मागण्यांच्या यादीत 'शिकण्याचा तास हा कामाचा तास धरावा' ही ओळ असायला काय हरकत आहे?

पुस्तक एकटीने वाचण्यापेक्षा चौघींनी मिळून वाचावे. खासगी वर्ग घेणाऱ्यांना बीट नाही, पण एका वॉर्डातल्या पाच-सहा जणी महिन्यातून एका दुपारी जमू शकतात. शाळाचालक एकमेकांचे स्पर्धक असले तरी शिक्षिकांनी तसे असायचे कारण नाही. पर्यवेक्षिकांना विनंती एवढीच की पुढच्या बैठकीत रजिस्टरे उघडण्यापूर्वी पहिला तास एका मुलाविषयी बोलायला द्यावा, सलग सहा महिने द्यावा, आणि मग तो चालू ठेवायचा की नाही ते सेविकांनाच विचारावे. त्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. बैठक तशीही दर महिन्याला होतेच आहे. तिचा पहिला तास मुलांचा की आकड्यांचा, हे ठरवणे बीटच्या हातात आहे.